‘फुटबॉल मॅनेजर २५’ येणार नाही, हे सांगायला एवढा उशीर का झाला?

६ फेब्रुवारी २०२५ रोजी लंडनमधील स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओने एक निवेदन काढून ‘फुटबॉल मॅनेजर २५’ हा आपला गेम रद्द झाल्याचे जाहीर केले. २००४ पासून दर वर्षी न चुकता येणाऱ्या या मालिकेत प्रथमच एक वर्ष कोरे गेले. गेम रद्द होणे ही या उद्योगातली काही अघटित घटना नव्हे. दर वर्षी कितीतरी गेम कागदावरच राहतात आणि कोणाला त्याची गंधवार्ताही नसते. या वेळी मात्र गेमर मंडळींचा जो संताप उसळला, त्याचा रोख गेम न मिळण्यापेक्षा तो मिळणार नाही हे कळायला लागलेल्या वेळाकडे अधिक होता. त्या निवेदनात स्टुडिओने स्वतःच या उशिराबद्दल माफी मागितली होती आणि त्याचे एक कारणही दिले होते. कायदेशीर आणि आर्थिक नियमांचे पालन करायचे असल्यामुळे याहून आधी हे सांगणे आम्हाला शक्य नव्हते, असा त्याचा आशय होता. हे कारण पोकळ नाही. पण ते पुरेसेही नाही, आणि ते नेमके कुठपर्यंत पुरते हे समजले की क्रीडाविषयक गेम बनवणाऱ्या कंपन्या आणि त्यांचे ग्राहक यांच्यात वारंवार होणाऱ्या या भांडणाचे मूळ बरेचसे हाती लागते.

ज्यांनी हा गेम कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगायला हवे. ‘फुटबॉल मॅनेजर’मध्ये आपण चेंडूला लाथ मारत नाही. आपण एखाद्या क्लबचे व्यवस्थापक असतो. खेळाडू विकत घ्यायचे, पगार ठरवायचे, सराव लावायचा, सामन्याची व्यूहरचना आखायची आणि मग बाकावर बसून नशिबाची वाट पाहायची, असा हा प्रकार आहे. जगभर पसरलेले हजाराहून अधिक निरीक्षक खऱ्या खेळाडूंची माहिती गोळा करून या गेमच्या कोठारात भरतात, आणि त्यामुळे युरोपातल्या खालच्या श्रेणीतील एखादा अनोळखी तरुण बचावपटूही त्यात आपल्या गुणदोषांसह सापडतो. एकेक डाव शेकडो तास चालतो. अनेकांची रीतच ठरलेली असते की नोव्हेंबरात नवी आवृत्ती घ्यायची, नव्या हंगामाचे संघ उघडायचे आणि पुढचे वर्ष त्यात घालवायचे. आपल्याकडे दिवाळी अंकांची वाट पाहिली जाते, साधारण तशीच ही वाट असते, आणि तिच्यात गरजेपेक्षा सवयीचा आणि जिव्हाळ्याचा वाटा मोठा असतो. म्हणूनच ती मोडली की दुखते.

२०२४ मध्ये ही सवय मोडण्यामागे एक तांत्रिक निर्णय होता. आधीची ‘फुटबॉल मॅनेजर २०२४’ ही आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली, तेव्हाच स्टुडिओने सांगून ठेवले होते की जुन्या तंत्रावर उभी असलेली ही शेवटची आवृत्ती असेल आणि पुढचा गेम युनिटी या इंजिनावर नव्याने बांधला जाईल. इंजिन म्हणजे गेमच्या खालचा पाया आणि सांगाडा. चित्रे पडद्यावर कशी उमटायची, बटण दाबल्यावर काय व्हायचे, तोच गेम संगणकावर आणि मोबाइलवर कसा चालायचा, हे सारे इंजिन ठरवते. स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्हचे जुने इंजिन त्यांनी स्वतःच वर्षानुवर्षे वाढवत नेलेले होते. जुन्या वाड्याला दर पिढीने एक खोली जोडावी, एक जिना काढावा, तसे ते झाले होते. राहणाऱ्याला सगळे दरवाजे पाठ, पण नवी नळजोडणी करायची म्हटले की भिंत कोसळायची भीती. या गेमच्या बाबतीत सर्वांत अवघड भाग सामन्याचे चित्रण हा नव्हताच. अवघड होते ते पडद्यामागून पडदे: खेळाडूंच्या याद्या, करार, पत्रे, आकडेवारी, प्रशिक्षकांचे अहवाल. गेमरचा बहुतेक वेळ याच पडद्यांवर जातो. स्टुडिओने ही सगळी मांडणी बदलायचे ठरवले. परिचित ‘इनबॉक्स’ काढून त्याच्या जागी ‘पोर्टल’ आणायचे आणि माहिती लहान चौकटींमधून दाखवायची, असा बेत होता. म्हणजे घर बदलायचे, आणि त्याच दिवशी सगळे सामान नव्या कपाटांत नव्या पद्धतीने लावायचे.

एवढे मोठे काम एका वर्षात बसवायचे तर काहीतरी सोडावे लागणार, आणि ते स्टुडिओने लपवले नाही. स्टुडिओचे संचालक माइल्स जेकबसन यांनी २०२४ मध्ये लांबलचक लेख लिहून सांगितले की राष्ट्रीय संघाचे व्यवस्थापन या आवृत्तीत नसेल आणि आणखीही काही जुन्या सोयी गाळाव्या लागतील. दुसऱ्या पारड्यात महिला फुटबॉल प्रथमच येणार होते आणि इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा अधिकृत परवानाही मिळाला होता. गेमरांनी नाराजी व्यक्त केली, पण ती हिशेबातली नाराजी होती. काय मिळणार आणि काय जाणार हे समोर मांडलेले असले की माणूस कुरकुरतो आणि मग आपला निर्णय घेतो. जेकबसन तसे वर्षानुवर्षे गेमरांशी थेट बोलण्याबद्दलच ओळखले जात, आणि या स्टुडिओबद्दलचा लोकांचा विश्वास बराचसा त्या सवयीवर उभा होता. पुढे जे झाले ते म्हणूनच जास्त लागले.

सप्टेंबरच्या अखेरीस २६ नोव्हेंबर २०२४ ही तारीख जाहीर झाली. नेहमीच्या वेळापेक्षा ती दोनतीन आठवडे उशिराची होती, तरी कोणी फारसे मनावर घेतले नाही. आगाऊ नोंदणी सुरू झाली. मग ऑक्टोबरात, म्हणजे अवघ्या काही दिवसांत, ती तारीख मागे घेऊन गेम मार्च २०२५ मध्ये येईल असे सांगण्यात आले आणि पुढची माहिती जानेवारीच्या अखेरीस देऊ, असेही कळवण्यात आले. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. ज्या गेमसाठी लोकांकडून पैसे घेतले होते तो प्रत्यक्षात चालताना कसा दिसतो, हे सविस्तर कोणालाच दाखवले गेलेले नव्हते. जानेवारी संपला आणि ठरलेली माहिती आली नाही. त्या काळात गेमरांनी काय केले, तर जे माहितीच्या दुष्काळात कोणीही करेल तेच केले: कुठे कोणी काय ऐकले याची चाचपणी, जुन्या वाक्यांचा कीस, दुकानांच्या पानांवरील बदलांवर पाळत. आणि मग ६ फेब्रुवारी उजाडला.

आता त्या कायदेशीर कारणाकडे वळू. स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह हा स्वतंत्र स्टुडिओ नाही. २००६ मध्ये जपानच्या सेगा कंपनीने तो विकत घेतला, आणि सेगा ही सेगा सॅमी होल्डिंग्ज या टोकियो शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा भाग आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीवर एक मूलभूत बंधन असते: जिच्यामुळे शेअरचा भाव हलू शकेल अशी बातमी ठराविक लोकांना आधी आणि बाकीच्यांना नंतर कळता कामा नये. आपल्याकडे सेबीच्या २०१५ च्या नियमांत अशा बातमीला अप्रकाशित किंमत-संवेदनशील माहिती म्हटले आहे आणि ती फोडणे हा गुन्हा ठरतो; जपानचे नियम वेगळे असले तरी त्यामागचे तत्त्व तेच आहे. त्यातून सेगा सॅमीचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. मार्च २०२५ मध्ये येणारा गेम म्हणजे त्या वर्षाच्या अगदी शेवटच्या महिन्यातली विक्री. तो रद्द झाला की वर्षाचा अंदाज बदलतो, आजवर झालेला खर्च हिशेबातून काढून टाकावा लागतो, आणि ते आधी गुंतवणूकदारांना रीतसर कळवावे लागते. रद्द करण्याची बातमी सेगा सॅमीच्या तिमाही निकालांच्या सुमारासच बाहेर आली, हे लक्षात घेतले की निवेदनातले ते वाक्य सबब म्हणून लिहिलेले नव्हते, हे मान्य करावे लागते. निर्णय झाल्यावर आणि निकाल येण्यापूर्वी, त्या मधल्या काळात, स्टुडिओतल्या कोणी ‘गेम रद्द आहे’ असे एखाद्या चाहत्याला खासगीतही सांगितले असते तरी ते अडचणीत आले असते.

पण या बंधनाची व्याप्ती पाहा. ते एका बातमीवर आहे आणि काही आठवड्यांपुरते आहे. सप्टेंबरात तारीख जाहीर करताना गेम चालतो कसा हे दाखवता आले नाही, त्यामागे शेअर बाजाराचा नियम असू शकत नाही. जो गेम नोव्हेंबरात विकायचा आहे त्याचे चित्रण दाखवण्यावर कोणता कायदा बंदी घालेल? त्या महिन्यांत जे दडले होते ते साधे होते: दाखवण्याजोगे काही तयार नव्हते. रद्द करताना स्टुडिओने स्वतःच सांगितले की गेमरला येणारा एकूण अनुभव आणि पडद्यांची मांडणी या बाबतीत गेम अपेक्षित दर्जापासून दूर राहिला. ही गोष्ट फेब्रुवारीत अचानक लक्षात आलेली नसणार. ‘आमचे पडदे अजून जमलेले नाहीत, म्हणून चित्रण दाखवत नाही, आणि तोवर तुम्ही पैसे भरू नका’ असे ऑक्टोबरात म्हणण्यावर कायद्याची आडकाठी नव्हती, फक्त धंद्याची होती. माझ्या मते या प्रकरणातला गेमरांचा राग इथे रास्त ठरतो. शेवटच्या काही आठवड्यांचे मौन त्यांनी समजून घ्यायला हवे होते. त्याआधीच्या काही महिन्यांची आळीमिळी गुपचिळी त्यांनी का समजून घ्यावी?

धंद्याची आडकाठी म्हणजे काय, हेही जरा उलगडून पाहू, कारण बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की कंपनी म्हणजे एकच तोंड असलेला एकच प्राणी. तसे नसते. गेमच्या दोषाची सर्वांत अचूक माहिती ज्या प्रोग्रॅमरला असते त्याला बाहेर बोलायची परवानगी नसते, आणि ज्याचे कामच गेमरांशी बोलण्याचे असते, ज्याला कम्युनिटी मॅनेजर म्हणतात, त्याला निर्णय बहुतेकदा सगळ्यात शेवटी कळतो. या दोघांच्या मध्ये प्रकाशक कंपनी असते, तिचा जाहिरात विभाग असतो, वकील असतात आणि परवाने देणाऱ्या संस्था असतात. क्रीडाविषयक गेममध्ये ही शेवटची मंडळी फार महत्त्वाची. क्लबांची बोधचिन्हे, खेळाडूंची छायाचित्रे, स्पर्धांची नावे ही सगळी भाड्याने घेतलेली असतात आणि ती कुठे, कशी, केव्हा दाखवायची याच्या अटी करारात असतात. एखाद्या दोषाबद्दल दोन ओळी लिहायच्या तरी त्या चार टेबलांवरून फिरतात, वेगवेगळ्या भाषांत उतरवल्या जातात आणि शेवटी बाहेर पडतात तेव्हा ‘आम्ही आपल्या प्रतिक्रियांची नोंद घेत आहोत’ एवढाच चोथा उरलेला असतो. गेमरांना जे वाक्य उद्दाम वाटते ते बरेचदा चार माणसांच्या सावधपणातून तयार झालेले असते.

आणि भीतीही असते, ती अगदीच निराधार नाही. ‘पुढच्या महिन्यात दुरुस्ती देण्याचा प्रयत्न करू’ असे लिहिले की वाचणारा ‘प्रयत्न’ हा शब्द गाळून वाचतो. कन्सोलसाठीची दुरुस्ती सोनी किंवा मायक्रोसॉफ्टच्या तपासणीतून पार व्हावी लागते, तिथे ती अडकली की तारीख चुकते, आणि मग तेच जुने वाक्य पुरावा म्हणून नाचवले जाते. काही विकसकांना वैयक्तिक शिवीगाळ आणि धमक्याही सोसाव्या लागल्या आहेत. अशा अनुभवानंतर बोलण्यापेक्षा गप्प बसणे स्वस्त पडते, असे कंपनीला वाटू लागते. फक्त हा हिशेब अर्धाच असतो: गप्प बसण्याचा खर्च त्या दिवशी दिसत नाही, तो व्याजासह पुढच्या आवृत्तीच्या वेळी वसूल होतो.

वार्षिक आवृत्तीची चौकट या सगळ्याला आणखी घट्ट आवळते. इतर प्रकारचा गेम सहा महिने लांबला तर लांबला. फुटबॉलचा हंगाम मात्र ऑगस्टात सुरू होऊन मेमध्ये संपतो. मार्चच्या पुढे गेम काढला असता तर लोकांनी हंगाम संपता संपता त्या हंगामाचे संघ विकत घेतले असते, आणि स्टुडिओने हेच कारण देऊन आणखी पुढे ढकलण्यापेक्षा रद्द करणे पसंत केले. मग गेमरांची साधी मागणी आली: निदान जुन्या २०२४ च्या आवृत्तीत नव्या हंगामाचे संघ तरी भरून द्या. तेही होणार नाही, असे सांगण्यात आले, कारण ते मोठे काम आहे आणि त्यात गुंतलेली माणसे पुढच्या गेमवरून काढावी लागतील. बाहेरून क्षुल्लक वाटणारी ही मागणी आतून क्षुल्लक नसते. खेळाडूंची नावे बदलणे सोपे. त्यांच्याबरोबर येणारे परवाने, नियमांतील बदल, स्पर्धांची नवी रचना आणि तपासणी हे सोपे नाही. त्याच हंगामात युरोपच्या चॅम्पियन्स लीगने गटसाखळी बंद करून छत्तीस संघांची एकच सारणी आणली होती, एवढे एक उदाहरण पुरे. शेवटी चाहत्यांनीच नव्या संघांच्या फाइली बनवून एकमेकांना फुकट वाटल्या. भारतात ‘क्रिकेट ०७’ खेळलेल्या पिढीला हे वेगळे सांगायला नको. तो काढणाऱ्या ईए स्पोर्ट्स या अमेरिकी कंपनीने त्यानंतर क्रिकेटकडे पाठ फिरवली, तरी चाहत्यांनी बनवलेल्या नव्या संघांवर आणि नव्या पोशाखांवर तो गेम पुढे कितीतरी वर्षे चालत राहिला.

क्रिकेटचा विषय निघाला आहे तर ‘ॲशेस क्रिकेट २०१३’चे प्रकरण सांगितलेच पाहिजे, कारण ते फुटबॉल मॅनेजरच्या प्रकरणाशी चमत्कारिक रीतीने जुळते. ५०५ गेम्स ही प्रकाशक आणि मेलबर्नची ट्रिकस्टार ही विकसक. त्या वर्षी इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात आणि ऑस्ट्रेलियात नोव्हेंबरपासून अशा दोन ॲशेस मालिका होत्या. पहिल्या मालिकेसाठी ठरलेला गेम लांबत लांबत दुसऱ्या मालिकेपर्यंत गेला, आणि नोव्हेंबरात स्टीम या संगणक-गेमांच्या ऑनलाइन दुकानात विक्रीला आला तेव्हा त्याची अवस्था अशी होती की क्षेत्ररक्षकांच्या हालचालींची चित्रफीत लोक विनोद म्हणून एकमेकांना दाखवू लागले. अवघ्या काही दिवसांत तो विक्रीतून काढून घेतला गेला, सर्व आवृत्त्या रद्द झाल्या आणि पैसे परत देण्यात आले. प्रकाशकाने नंतर कबूल केले की निवडलेल्या इंजिनामुळे उभ्या राहिलेल्या अडचणी विकसकाला पार करता आल्या नाहीत. इथेही इंजिन, इथेही लांबलेली तारीख, इथेही हंगामाचे घड्याळ. फरक एवढाच की स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्हने अर्धाकच्चा गेम लोकांच्या गळ्यात मारला नाही. आम्ही तो आहे तसा काढून नंतर दुरुस्त करत बसू शकलो असतो, पण ते योग्य झाले नसते, असे त्यांनी निवेदनात म्हटले, आणि त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

कोनामी या जपानी गेम कंपनीने दुसरी वाट धरली. आपल्या फुटबॉल गेमचे ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर’ हे अनेक वर्षांचे नाव टाकून कंपनीने २०२१ मध्ये ‘ईफुटबॉल’ या नावाने मोफत गेम आणला. ३० सप्टेंबर २०२१ रोजी तो लोकांच्या हाती पडला, तेव्हा त्यात मोजके क्लब होते, मोजकेच सामने होते आणि ओळखीच्या खेळाडूंचे चेहरे वेडेवाकडे झालेले होते. स्टीमवरील सर्वांत वाईट शेरे मिळालेल्या गेमांत तो पाहता पाहता जाऊन बसला. गंमत अशी की आवृत्तीचा क्रमांक ०.९ होता, हे अजून पूर्ण झालेले नाही, अशी कबुली कंपनीने आकड्यात दिली होती, शब्दांत ठळकपणे दिली नव्हती. ताकाला जाऊन भांडे लपवावे, तसा हा प्रकार. माफी मागितली गेली, ऑक्टोबरात दुरुस्ती देऊ म्हटले गेले, ती नोव्हेंबरात आली. नोव्हेंबरात येणारी पूर्ण आवृत्ती पुढच्या वसंतात ढकलली गेली, तिच्याबरोबरच्या आगाऊ नोंदण्या रद्द करून पैसे परत केले गेले, आणि ती आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये अवतरली.

ईएच्याच ‘मॅडन’ या अमेरिकन फुटबॉलच्या गेममालिकेची तक्रार आणखी निराळी आहे. तिथे गेम वेळेवर येतो, तारीख चुकत नाही, फक्त लोक जे मागतात त्याबद्दल कोणी बोलत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात ‘मॅडन २१’मध्ये काय नवे आहे याची यादी आली, तेव्हा संघ वर्षानुवर्षे चालवण्याच्या ‘फ्रँचाइझ’ या प्रकारात जवळजवळ काहीच नवे नसल्याचे दिसले, आणि तो प्रकार दुरुस्त करा अशी हाक देणारा हॅशटॅग समाजमाध्यमांवर प्रचंड चालला. मग ईएने गेम आल्यानंतर मोफत सुधारणा देण्याचे कबूल केले. एवढा गोंगाट झाल्याशिवाय उत्तर का आले नाही, याची दोन कारणे गेमर सांगतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिले म्हणजे पैसा ‘अल्टिमेट टीम’मध्ये आहे, जिथे खेळाडूंच्या पत्त्यांची पाकिटे पुन्हा पुन्हा विकता येतात, ईएच्या सर्व गेमांत मिळून या प्रकाराने २०२०-२१ या आर्थिक वर्षात सुमारे १.६ अब्ज डॉलर मिळवून दिले. दुसरे म्हणजे स्पर्धकच नाही. डिसेंबर २००४ मध्ये ईएने अमेरिकन फुटबॉलच्या ‘नॅशनल फुटबॉल लीग’चा (एनएफएल) अनन्य परवाना मिळवला आणि त्यानंतर खऱ्या संघांचा, खऱ्या नावांचा तसा गेम दुसऱ्या कोणाला काढता आला नाही. जायला दुसरे दुकान नसले की दुकानदाराने हसून बोलावे ही अपेक्षा फार काळ टिकत नाही.

फुटबॉल मॅनेजरलाही आज तुल्यबळ स्पर्धक नाही, पण त्यामागची कथा परवान्याची नाही. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांनी बनवलेला मूळ गेम १९९२ मध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ या नावाने आला होता. २००३ मध्ये प्रकाशक आयडॉसशी काडीमोड झाला तेव्हा नाव प्रकाशकाकडे राहिले आणि गेमची संहिता (कोड) व माहितीचे कोठार स्टुडिओकडे राहिले. गेमर संहितेच्या मागे गेले, नावाच्या नाही. त्या स्टुडिओची खरी ठेव ही अशी होती, आणि म्हणून मला वाटते की मॅडनच्या ग्राहकाचा राग हा कंटाळलेल्या माणसाचा राग आहे, तर फुटबॉल मॅनेजरच्या ग्राहकाचा राग हा घरच्या माणसाने न सांगता घर विकल्यावर यावा तसा आहे.

आता पैशाचा मुद्दा, कारण शेवटी संवादाची किंमत तिथेच मोजता येते. आगाऊ नोंदणी म्हणजे ग्राहकाने न पाहिलेल्या वस्तूसाठी कंपनीवर टाकलेला विश्वास. मराठीत ‘विकसक’ म्हटले की बहुतेकांना गेम बनवणारा आठवण्याआधी बिल्डर आठवतो, आणि ही तुलना वाटते तितकी लांबची नाही. फ्लॅट नोंदवणाऱ्याला ताब्याची तारीख पुढे जाण्याचा अनुभव महाराष्ट्रात इतका झाला की २०१७ मध्ये महारेरा आले, आणि आज प्रकल्पाच्या प्रगतीची माहिती दर तिमाहीला संकेतस्थळावर भरणे बिल्डरला बंधनकारक आहे. स्लॅब पडला की नाही, हे घर घेणाऱ्याला पाहता येते. गेमच्या बाबतीत असे कोणतेही बंधन नाही. गुंतवणूकदाराला तिमाही निकाल मिळतो, ग्राहकाला झलक मिळते, तीही कंपनीला सोयीची असेल तेव्हा. रक्कम लहान असल्यामुळे यावर कोणी कायदा करील असे दिसत नाही, आणि गेमसाठी महारेरा असावे असे माझेही म्हणणे नाही. पण ज्याच्याकडून पैसे घेतले त्याला बातमी सर्वांत शेवटी, ही रचना त्यामुळे नीट दिसते.

व्यवहारात गेमरच्या हाती थोडे संरक्षण आहे, तेवढे माहीत असलेले बरे. स्टीमवर आगाऊ विकत घेतलेला गेम प्रकाशित होण्यापूर्वी केव्हाही परत करता येतो. प्रकाशित झाल्यावर मात्र चौदा दिवसांची मुदत सुरू होते आणि त्यात दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असावे लागते. फुटबॉल मॅनेजरसारख्या गेममध्ये दोन तास म्हणजे काय? संघ निवडला, सहाय्यकांशी बोलणे झाले, सरावाचे वेळापत्रक लावले, एखादा मैत्रीपूर्ण सामना झाला, की संपले. ज्या दोषांमुळे हा गेम पुढे कंटाळवाणा किंवा अशक्य होतो ते दोष दहाव्या किंवा पन्नासाव्या तासाला दिसतात. त्यामुळे इथे परताव्याचा नियम आधी मिळालेल्या माहितीची उणीव भरून काढू शकत नाही. निर्णय बराचसा विकत घेण्यापूर्वीच, दाखवलेल्या चित्रणावर आणि स्टुडिओच्या शब्दावर घ्यावा लागतो. २०२४ च्या शरद ऋतूत यांपैकी चित्रण नव्हते आणि शब्द बदलत होता.

पुढची आवृत्ती, ‘फुटबॉल मॅनेजर २६’, ४ नोव्हेंबर २०२५ रोजी आली. युनिटी इंजिन, महिला फुटबॉल, प्रीमियर लीगचा परवाना, सगळे तिच्यात होते, आणि या वेळी प्रकाशनापूर्वी चित्रणही दाखवले गेले. तरीही पहिल्या दिवसांत स्टीमवरचे शेरे मोठ्या प्रमाणावर प्रतिकूल पडले, आणि त्यांत सर्वाधिक तक्रार होती ती पडद्यांच्या मांडणीबद्दल: माहिती विखुरलेली, पूर्वी एका टिचकीवर मिळणारी गोष्ट आता तीन टिचक्यांच्या आड. म्हणजे ज्या कारणासाठी आधीचे वर्ष कोरे सोडले होते तेच दुखणे नव्या आवृत्तीतही पूर्ण बरे झालेले नव्हते. या तक्रारीत आणि फेब्रुवारीतल्या तक्रारीत मात्र एक फरक होता. आता लोक कोणत्या पडद्यावरचे कोणते बटण चुकीच्या जागी आहे, ते नाव घेऊन सांगत होते, त्यांच्या समोर वाद घालण्याजोगी वस्तू होती, आणि स्टुडिओची उत्तरे दुरुस्त्यांच्या याद्यांतून येत होती.